गिरजाघराची ओसरी

वाराणसीत रिक्षावाल्याला 'गिरजाघर' एवढंच सांगितलं की पुरतं. गोदौलियाच्या अलीकडचा हा चौक. दशाश्वमेध घाटाकडे निघालेले यात्रेकरू, साड्यांचे गठ्ठे, सायकली आणि पोलिसांचे अडथळे यांच्या गर्दीत इथे सेंट थॉमस चर्च उभं आहे आणि चौकाला नाव त्याचंच पडलं आहे. कँट स्टेशनपासून गोदौलियापर्यंत जो रोपवे आखला गेला, त्याच्या स्थानकांच्या यादीतही विद्यापीठ आणि रथयात्रा यांच्या पंगतीला गिरजाघर आहे. 'गिरजा' हा पोर्तुगीज 'इग्रेजा'चा हिंदी अवतार. आपल्या पाद्री, नाताळ या शब्दांचा सख्खा भाऊ. रोज हजारो लोक हे नाव उच्चारतात, पण त्यांतले आत जाऊन बसलेले थोडेच असणार. २०११ च्या जनगणनेत उत्तर प्रदेशात ख्रिस्ती म्हणून नोंदले गेलेले लोक होते ३,५६,४४८, म्हणजे लोकसंख्येच्या ०.१८ टक्के. महाराष्ट्रात हेच प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे, आणि तिथेही वसई किंवा अहिल्यानगरबाहेरच्या वाचकाला चर्चमध्ये काय चालतं याची फारशी कल्पना नसते. मग हजारात दोनसुद्धा न भरणारा समाज, तोही 'सात वार, नौ त्योहार' म्हणवणाऱ्या शहरात, आपली उपासना, आपलं गाणं, आपले मेळावे टिकवतो कसा? माझं उत्तर असं की काशीतलं चर्च टिकलं ते त्याची ओसरी मोठी असल्यामुळे. जुन्या वाड्यात ओसरीवर कोणीही येऊन टेकावं, माजघरात घरच्यांनी आणि देवघरात सोवळ्यातल्यांनी जावं, अशी वाटणी असे. चर्चच्या वार्षिक कार्यक्रमांची मांडणी अशीच आहे, आणि ती नीट पाहिली तर या कार्यक्रमांवर घेतले जाणारे बरेच आक्षेप तपासून बघता येतात.

आधी मांडणीच पाहू. कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनेत, कम्युनियनची भाकर वाटून झाली की शेवटच्या आशीर्वादाआधी धर्मगुरू सूचना वाचतात. कुठल्याही गावची ही पाच मिनिटं त्या धर्मग्रामाची खरी ओळख सांगतात. (धर्मग्राम हा वसईचा शब्द, हिंदीत त्याला 'पल्ली' म्हणतात. दोन्ही भाषांना चर्चच्या हद्दीसाठी 'गाव' हाच शब्द सुचावा, यात काहीतरी आहे.) पुढच्या आठवड्यात गायनमंडळाचा सराव केव्हा, लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग कोणत्या खोलीत, पल्लीच्या परिषदेची बैठक कधी, लग्न ठरलेल्या कोणा दोघांबद्दल कुणाची हरकत आहे का, आजारी माणसांच्या घरी कम्युनियन कोण नेणार. आणि त्याच दमात: कॅरल गाणारी मंडळी कोणत्या दिवशी कोणत्या मोहल्ल्यात जाणार, गव्हाणीची सजावट कोणाकडे, नाताळला आवारातल्या गर्दीसाठी पाणी आणि रांग कोण सांभाळणार. पहिला गट घरच्यांचा, दुसरा गावाचा. दोन्ही एकाच कागदावर लिहिलेले असतात, पण त्यांचे नियम वेगळे.

वर्षाची चौकट जगभर सारखीच असते. ३० नोव्हेंबरच्या अलीकडे-पलीकडे पडणाऱ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये केव्हाही. हिरव्या वर्तुळावर चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, आणि दर रविवारी एक जास्त पेटते. या चार आठवड्यांत मिस्सातलं 'ग्लोरिया' हे स्तुतिगान गाळलं जातं. गायनमंडळ ते बंद दाराआड घोटत असतं आणि लोकांच्या कानावर ते एकदम नाताळच्या मध्यरात्री पडतं. उपवासकाळात तर 'आल्लेलूया' हा शब्दच उच्चारला जात नाही. पवित्र गुरुवारी ग्लोरियाच्या वेळी घंटा वाजतात आणि त्यानंतर थेट शनिवारच्या रात्रीपर्यंत मुक्या राहतात. मधल्या वेळात घंटेचं काम लाकडी खुळखुळ्यावर भागवतात. चातुर्मासात लग्नाचा बँड ऐकू येत नाही आणि तुळशीचं लग्न लागलं की एकदम सुरू होतो, हे माहीत असलेल्या वाचकाला ही युक्ती समजावून सांगायला नको. उत्सव मोठा करायचा तर आधी काहीतरी राखून ठेवावं लागतं. उत्तरेतल्या कॅथलिकांनी या काळांना दिलेली नावं ऐकण्यासारखी आहेत: राखेचा बुधवार म्हणजे 'राख बुध', झावळ्यांचा रविवार 'खजूर इतवार', गुड फ्रायडे 'पुण्य शुक्रवार', आणि चाळीस दिवसांच्या उपवासकाळाला सरळ 'चालीसा'. ज्या शहरात 'चालीसा' म्हटलं की संकटमोचनच्या हनुमानाची आठवण होते, तिथे हा शब्द ख्रिस्ती घरांतही सहज चालतो. भाषांतर करताना कोणी फार विचार केला असेल असं वाटत नाही. चाळीसाला हिंदीत दुसरं काय म्हणणार?

ही सहजता मात्र आयती आलेली नाही. काशीत ख्रिस्ती धर्म आला तो वादविवादाच्या वाटेनं, आणि त्या वाटेवरचं सर्वांत ठळक नाव मराठी आहे. १८१८ मध्ये जयनारायण घोषाल या बंगाली श्रीमंताने आपली शाळा चर्च मिशनरी सोसायटीच्या हवाली केली आणि मिशनला शहरात पाय ठेवायला जागा मिळाली. पुढे पाव शतकाने मिशनचे विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालायला एक चित्पावन तरुण येऊ लागला, नीलकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म १८२५ चा, झाशीजवळचा; वाढला काशीत, पंडितांच्या घरात. जॉन म्यूर यांनी संस्कृतात लिहिलेल्या 'मतपरीक्षा' या ख्रिस्ती ग्रंथाला त्याने विशीच्या आत-बाहेर असताना संस्कृतातच उत्तर लिहिलं, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. पाद्र्याला निरुत्तर करायला गेलेला हा मुलगा वाद घालता घालता स्वतःच्याच शंकांत अडकला आणि १४ मार्च १८४८ रोजी त्याने बाप्तिस्मा घेतला. काशीत गोंधळ होईल म्हणून काशीत नव्हे, जौनपूरला जाऊन. नेहेम्या गोऱ्हे हे त्याचं नवं नाव. त्यानंतर १८६० मध्ये त्याने हिंदीत 'षड्दर्शन दर्पण' लिहिला, साही दर्शनांचं खंडन म्हणून. पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावर त्याच्या लेखनाचा परिणाम झाला. बुद्धी तलवारीसारखी होती, पण त्या तलवारीने काशीत एकही मंडळी उभी राहिली नाही. घर तुटलं, जात गेली, बापलेकांत अंतर पडलं, आणि ज्या शहराच्या भाषेत तो वाद घालत होता त्या शहराने त्याला ऐकून घेतलं असलं तरी जवळ केलं नाही. शास्त्रार्थ हा काशीचा आवडता खेळ, पण त्यात एक जिंकतो आणि एक हरतो. हरलेला दुसऱ्या दिवशी विजेत्याच्या ओसरीवर गप्पा मारायला येत नाही.

गोऱ्ह्यांची मुलगी एलन लक्ष्मी १८५३ मध्ये बनारसलाच जन्मली. आई लक्ष्मीबाई लवकर गेली आणि काही वर्षांनी ती मुलगी स्टॉर्स नावाच्या इंग्रज पाद्र्याच्या घरी इंग्लंडात वाढली. तिने इंग्रजीत कविता लिहिल्या, आणि त्यांतलं देवाच्या सान्निध्यावरचं एक गीत इंग्लंड-अमेरिकेतल्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलं. १८८० मध्ये ती भारतात परतली आणि इथेच काम करत राहिली. बापाचे खंडनग्रंथ आज अभ्यासकांच्या टेबलावर असतात. मुलीचं गीत ज्यांनी गायलं त्यांतल्या बहुतेकांना ती कोण, कुठली, हेसुद्धा माहीत नव्हतं. मी या योगायोगातून नियम काढत नाही. पण वादाला जिथे पोचणं जमत नाही तिथे गाणं जाऊन पोचतं याचा हा पुरावा गोऱ्ह्यांच्या घरातच सापडावा, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही.

दुसरा योगायोग सालाचा. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी नेहेम्या गोऱ्हे मुंबईत वारले. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला, मुंबईतच, नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला होता. टिळकही ब्राह्मण, तेही पंडित, पण त्यांनी पुढची चोवीस वर्षं अभंग, ओव्या, पदं आणि कीर्तनं रचण्यात घालवली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात त्यांची पदं शेकड्यांनी आहेत. त्यांच्याही आधी अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता, आणि त्यांच्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं होतं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणश्रवणाची ओढ होती. ती पुरवायला एक इंग्रज जेझुइट मराठीत ओवी लिहायला बसला आणि त्याचा ग्रंथ रविवारी, सणावारी चर्चमध्ये वाचला जाऊ लागला. म्हणजे येशूची कथा इथल्या छंदात सांगणं ही अलीकडची क्लृप्ती आहे असं कोणी म्हणालं, तर मराठी माणसाला तरी ते पटू नये. आपल्या भाषेत ती चारशे वर्षं जुनी आहे.

उत्तरेत कॅथलिकांना या वाटेवर यायला उशीर झाला, कारण त्यांची उपासनाच लॅटिनमध्ये होती. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेचा दरवाजा उघडला. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतासाठी बारा सवलतींना मान्यता दिली: जमिनीवर बसणं, पादत्राणं बाहेर काढणं, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं, पंचांग प्रणाम, उदबत्ती, समई, आरती अशा स्वरूपाच्या. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, वाराणसी हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपूरला सहा प्रॉटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं, ज्याच्यात आज गिरजाघर चौकातलं सेंट थॉमस आणि छावणीतलं लाल गिरजा येतात. म्हणजे एकाच वर्षात काशीतल्या दोन्ही बाजूंच्या ख्रिस्ती लोकांना आपलं आपण ठरवायची मोकळीक मिळाली. कॅथलिक धर्मप्रांताने तिचा उपयोग कसा केला हे बघायचं तर नव साधना कला केंद्र पाहावं. ही धर्मप्रांताने चालवलेली संस्था भरतनाट्यम आणि हिंदुस्थानी गायन शिकवते. ज्या शहरात बिस्मिल्ला खाँ, गिरिजा देवी, किशन महाराज होऊन गेले, तिथे चर्चचं गाणं चार सुरांच्या इंग्रजी कोरसवर भागवणं म्हणजे सुताराच्या घरी मोडकी खुर्ची नेऊन ठेवण्यासारखं झालं असतं. ऐकणाऱ्यांचा कान तयार आहे, म्हणून गाणाऱ्याचाही गळा तयार असावा लागतो.

इथे एक आडवळण. काशीतल्या ख्रिस्ती भजनात तबल्याबरोबर जी पेटी वाजते ती कोणाची? १८४२ मध्ये पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट निघालं. भारतात ती मिशनऱ्यांच्या आणि साहेबांच्या सामानातून आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती मांडी घालून वाजवता येईल अशी केली, आणि मग ती नाटकात, तमाशात, कीर्तनात, गुरुद्वाऱ्यात शिरली. १९४० मध्ये आकाशवाणीने तिला परदेशी म्हणून बाहेर काढलं, ती कित्येक वर्षं बाहेरच राहिली. आज तीच पेटी चर्चमध्ये वाजली की काही जणांना चर्च 'हिंदू' झाल्यासारखं वाटतं.

आता ओसरीचा सर्वांत मोठा दिवस. नाताळला छावणीतल्या सेंट मेरीज कॅथेड्रलच्या आवारात मेळा भरतो. हिंदीत 'बड़ा दिन'. मध्यरात्रीचा मिस्सा घरच्यांचा असतो. पण २५ तारखेला दिवस वर आला की फाटकाबाहेर रांग लागते आणि त्या रांगेत ख्रिस्ती माणूस शोधावा लागतो. आईबापांच्या खांद्यावरची पोरं, कॉलेजातल्या मुली, आसपासच्या खेड्यांतून आलेल्या डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. बघायचं काय? तर झाँकी. गव्हाणीत गवतावर ठेवलेला बाळ येशू, शेजारी मरिया आणि योसेफ, मेंढपाळ, गुरं, वर कागदी तारा. काशीत जन्माष्टमीला घराघरांत झाँकी मांडतात. कारागृह, यमुना, टोपलीतला कृष्ण, डोंगराला भुसा आणि नदीला काचेचा तुकडा. जिला ती मांडता येते त्या बाईला ही दुसरी झाँकी कोणी समजावून द्यावी लागत नाही. ती हात जोडते, मुलाला वाकायला लावते, मेणबत्ती लावते आणि चाट खायला बाहेर पडते. गव्हाणीची ही प्रथा मुळातच अशाच लोकांसाठी निघाली होती. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो या खेड्यात संत फ्रान्सिसने बैल, गाढव आणि गवत मांडून गावकऱ्यांना नाताळ डोळ्यांनी दाखवला, तेव्हापासून ती चालत आली आहे. ज्यांना लॅटिन कळत नव्हतं त्यांच्यासाठी ती होती.

या मेळ्याबद्दल एक आक्षेप चर्चच्या आतूनच ऐकू येतो: ही नुसती बघ्यांची गर्दी, फोटो काढायला आलेली, हिच्यात भक्ती कुठे आहे? आक्षेप खोटा नाही. गर्दीतले बहुतेक जण गव्हाणीसमोर अर्धा मिनिटही थांबत नाहीत. पण हाच निकष नाटी इमलीच्या रामलीलेतल्या भरतमिलापाला किंवा तुलसी घाटावरच्या नागनथैया या कृष्णलीलेला लावला, तर तिथल्या लाखभर माणसांपैकी किती जण पास होतील? त्या लीला काही मिनिटांत आटोपतात. माणसं त्या बघायला तासन्‌तास उभी राहतात आणि बघून घरी जातात. मेळ्याचं काम माणसाला भक्त करणं हे नाहीच. ही जागा आपल्या गावातली आहे, इथे येण्यात वावगं काही नाही, एवढी ओळख तो करून देतो. हजारात दोन असलेल्या समाजाला या ओळखीची किंमत फार मोठी आहे. वर्षातून एकदा ज्याचं पोर त्या आवारात फुगा घेऊन हिंडलं आहे, त्याला त्या इमारतीबद्दल काहीही सांगून भडकवणं जरा अवघड जातं. जरा, एवढंच म्हणतो.

ओसरी आणि देवघर यांच्यामधला उंबरठा कुठे आहे हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते मातृधाम आश्रमात. इंडियन मिशनरी सोसायटी हा भारतातच, वाराणसीतच, १९४१ मध्ये फादर गॅस्पर पिंटो यांनी स्थापन केलेला कॅथलिक संघ. हा आश्रम त्यांचा. १९९० च्या दशकापासून इथे आसपासच्या खेड्यांतून लोक सत्संगाला जमू लागले. सणाला ही गर्दी हजारोंनी मोजावी लागते. बहुतेक बाया, बहुतेक भोजपुरी बोलणाऱ्या, बहुतेक दलित आणि मागास जातींतल्या. जमिनीवर बसतात, भजनं गातात, प्रवचन ऐकतात, आजारपणासाठी, नवऱ्याची दारू सुटावी म्हणून, मुलीला मूल व्हावं म्हणून प्रार्थना करून घेतात, आणि एकमेकांना 'जय येसु' म्हणतात. यांना 'ख्रिस्तभक्त' म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही. येशू त्यांचा इष्टदेव आहे, पण जनगणनेत, रेशनकार्डावर, लग्नकार्यात ते जिथे होते तिथेच आहेत. अमेरिकी अभ्यासक केरी सॅन चिरिको यांनी या समूहावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे, आणि त्यांना हिंदू म्हणावं की ख्रिस्ती, या पेचाभोवतीच तो फिरतो. मिस्सा होतो तेव्हा हे लोक समोर बसलेले असतात, गाणं त्यांच्याइतकं मोठ्याने कोणी गात नाही. पण कम्युनियनची वेळ आली की ती भाकर त्यांना मिळत नाही. तो संस्कार बाप्तिस्मा घेतलेल्यांचा. गाणं सगळ्यांचं, भाकर काहींची. मराठी वाचक कधी काशीला गेला आणि रविवारी सहज चर्चमध्ये डोकावला, तर त्यालाही हाच नियम लागू आहे: मागच्या बाकावर बसावं, इतर उभे राहिले की उभं राहावं, गाता आलं तर गावं, पण रांगेत जाऊन हात पुढे करू नये. प्रसाद समजून कोणी तसं करतं आणि मग दोन्हीकडून ओशाळवाणं होतं.

मुख्य आक्षेप इथेच येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. भजन, सत्संग, आश्रम, आरती हा सगळा वेष आहे, आत धर्मांतराचा हेतू आहे, असं म्हणणारे लोक काशीत आहेत, महाराष्ट्रातही आहेत. उत्तर प्रदेशात नोव्हेंबर २०२० मध्ये अध्यादेश आणि २०२१ मध्ये कायदा आला, ज्यानुसार बळजबरी, फसवणूक किंवा प्रलोभन यांतून घडवलेलं धर्मांतर गुन्हा ठरतं. २०२४ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढवली आणि तक्रार कोणाही व्यक्तीला करता येईल अशी सोय केली. संशयाला इतिहासाचा आधार नाही असंही म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकातलं मिशन धर्मांतरासाठीच आलं होतं, ते ही गोष्ट लपवत नव्हतं, आणि गोऱ्ह्यांच्या घरच्यांना काय भोगावं लागलं असेल याची कल्पना करायला फार सहानुभूती लागत नाही. तरीही आज जे समोर दिसतं ते या आरोपात नीट बसत नाही. वेषांतराचा उपयोग लपण्यासाठी असतो. इथे तारीख, वेळ, जागा आधी जाहीर होते, लाउडस्पीकर लागतो, पोलीस बंदोबस्त असतो. आणि ज्या आश्रमात हजारो लोक वर्षानुवर्षं येऊन बाप्तिस्म्याविना परत जातात, त्याचा हेतू फक्त आकडा वाढवणं हाच असेल तर त्याला या धंद्यात फारच अपयश आलेलं आहे, जनगणनेतला ०.१८ हा आकडा तेच सांगतो. यावर प्रतिवाद असा होऊ शकतो की ख्रिस्तभक्त जनगणनेत दिसत नाहीत म्हणून आकडा लहान दिसतो. मान्य. पण मग प्रश्न बदलतो. ज्याने नाव, जात, सण, संस्कार काहीच सोडलेलं नाही आणि फक्त एक देव जवळ केला, त्याने धर्म बदलला असं म्हणायचं का? कबीराच्या शहरात या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर देणाऱ्याचा मला हेवा वाटेल.

उलट बाजूचा आक्षेप मला जास्त जड वाटतो. तो दलित ख्रिस्ती विचारवंतांचा आहे आणि त्यात पुन्हा एक मराठी माणूस पुढे आहे. अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या धर्मशास्त्राची मांडणी केली. दलित धर्मशास्त्राची सुरुवात तिथून धरतात. त्यांच्या परंपरेचा सवाल असा: भारतीय ख्रिस्ती म्हणून जे काही सजवलं जातं ते संस्कृत मंत्र, भगवी वस्त्रं, आश्रम, समई असंच का असतं? ज्या समाजाने ख्रिस्ती होऊन ब्राह्मणी धर्माकडे पाठ फिरवली, त्याच्यापुढे तीच आरती पुन्हा ओवाळायची? बारा सवलतींच्या यादीला हा प्रश्न लागू पडतो. खुद्द टिळक-गोऱ्ह्यांच्या मराठी परंपरेलाही लागू पडतो, कारण आपण ज्यांची नावं कौतुकाने घेतो ते ब्राह्मण आहेत आणि अहमदनगर-जालन्याच्या महार-मांग ख्रिस्त्यांची पदं गाणारी माणसं बिननावाची आहेत. काशीपुरतं माझं म्हणणं इतकंच, की तिथली ओसरी संस्कृतावर चालत नाही, भोजपुरीवर चालते. मातृधामात जो सूर लागतो तो कजरी-सोहरच्या बाजूचा, जात्यावरच्या आणि शेतातल्या बायांचा आहे. आश्रम हे नाव वरच्यांचं असेल. गाणं खालच्यांचं आहे, आणि कार्यक्रम नावावर चालत नाही. तरीही हा आक्षेप यामुळे पूर्ण फिटतो असं मी म्हणणार नाही. गाणं ज्या बाईचं आहे तिला पल्लीच्या परिषदेत बसायला खुर्ची नाही, कारण ती अजून ओसरीवरच आहे. ओसरी मोठी असण्याची ही दुसरी बाजू.

राहिला शुद्धतेचा मुद्दा: खरं कॅरल तेच, जे विलायतेहून आलं, भोजपुरीत ढोलक घेऊन गायलेलं ते नक्कल. नाताळातलं जगातलं सर्वांत लाडकं गाणं, 'शांत रात्र', २४ डिसेंबर १८१८ ला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात पहिल्यांदा गायलं गेलं. लॅटिनमध्ये नव्हे, गावच्या जर्मनमध्ये, आणि साथीला ऑर्गनऐवजी गिटार. तेव्हा ते ढोलकवरच्या भोजपुरी गाण्याइतकंच उपटसुंभ होतं. काशीत जयनारायण घोषालांची शाळा मिशनला मिळाली तेही हेच साल. या मुद्द्यावर याहून जास्त शाई खर्च करायला नको.

ईस्टरचं मात्र अजून सांगायचं राहिलं. नाताळ सूर्याच्या तारखेला बांधलेला, ईस्टर चंद्राला. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार, असं त्याचं गणित. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये सरकत असतो. ही पौर्णिमा बहुतेक वर्षी आपली चैत्री पौर्णिमा असते, म्हणजे हनुमान जयंती. अधिक मास जवळ आला की हिशेब चुकतो. २०२४ मध्ये ईस्टर होळीच्या पौर्णिमेनंतर ३१ मार्चलाच येऊन गेला आणि हनुमान जयंती २३ एप्रिलला आली. पण हिशेब जुळतो तेव्हा काशीत तो दोन गावांच्या जत्रा एकाच आठवड्यात याव्यात तसा जुळतो. हनुमान जयंतीपाठोपाठ संकटमोचनच्या अंगणात तो संगीत समारोह सुरू होतो, जो १९२३ पासून चालत आला आहे आणि जिथे रात्रभर देवापुढे हजेरी लावायला देशभरचे गवई येतात, हिंदूही आणि मुसलमानही. २०१५ मध्ये तिथे गुलाम अली गायले होते. २०२२ मध्ये १५ एप्रिलला पुण्य शुक्रवार होता, १६ ला हनुमान जयंती, १७ ला ईस्टर. म्हणजे १६ च्या शनिवारी दिवसभर शहराच्या एका टोकाला लाडवांच्या रांगा, आणि त्याच पौर्णिमेच्या रात्री चर्चमध्ये पास्काची, म्हणजे ईस्टरची, जागरण-उपासना. तिची सुरुवात आत होत नाही. आतले सगळे दिवे मालवतात आणि सगळे जण बाहेर अंगणात अंधारात उभे राहतात. तिथे लाकडं रचून विस्तव पेटवला जातो, त्यावर मोठी मेणबत्ती लावली जाते, आणि तिची ज्योत हातोहात मागे मागे जात शेवटच्या माणसाच्या मेणबत्तीपर्यंत पोचते. बाप्तिस्मा झाला आहे की नाही हे तिथे कोणी विचारत नाही. मग ती सगळी रांग त्या उजेडात चालत दारातून आत जाते, बऱ्याच वेळाने घंटा वाजतात, आणि चालीसाभर गिळून ठेवलेला आल्लेलूया गळ्यात परत येतो.